मावशींचे नाव

निपाणी, रविवार रात्र

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा थंडीत दुखतो, एवढेच. हे पत्र तुलाच लिहिते आहे, कारण विडी वळणाऱ्या बायकांवरच्या माझ्या प्रबंधाच्या कामात एक गोष्ट अशी पुढे आली आहे की ती विभागात सांगितली तर मला नियम वाचून दाखवतील आणि घरी सांगितली तर त्यात एवढे काय, असे विचारतील. पुराच्या वेळी आपण ज्यावरून भांडलो होतो, तोच प्रश्न आहे: माणसाचे खरे नाव लिहायचे की झाकायचे.

मागच्या गल्लीतल्या मावशी तुला आठवतील. तू आली होतीस तेव्हा त्यांनी तुला विडी वळायला बसवले होते आणि तुझी विडी हातात घेऊन, "ही ओढणाऱ्याला आधी मान वाकडी करावी लागंल," असे म्हणाल्या होत्या. त्यांचे काम मी आता जवळून पाहिले आहे. भिजवलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीशी ठेवलेली असतात. पत्र्याच्या मापावर पान धरून कात्री फिरते, सुपातला जर्दा चिमटीने पानात पसरतो, दोन्ही हातांच्या बोटांत पान वळते, तोंड नखाने आत दुमडले जाते आणि दोऱ्याचा वेढा पडतो. हे सारे होत असताना मावशी माझ्याकडे पाहून बोलत असतात, हातांकडे त्यांचे लक्षही नसते. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर होतो आणि हजार पुऱ्या व्हायला सकाळपासून रात्र होते, तीही घरातल्या कोणी पाने कापून दिली तर. ठेकेदाराच्या माणसाने छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत.

मुलाखतीआधी मी त्यांना संमतिपत्र वाचून दाखवत होते. आधीचा मसुदा इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. मी हट्टाने मराठीत करून घेतला, कारण जे वाचता येत नाही त्याखाली सही मागणे मला पटत नाही. "आपले नाव प्रबंधात कुठेही येणार नाही," हे वाक्य वाचले आणि मावशींचे हात थांबले. म्हणाल्या, "कार्डावर जावंचं नाव, वहीत जावंचं नाव, फंडाच्या पासबुकात जावंचं. तुमच्या पुस्तकातबी माझं नाव नसणार व्हय? घाला की माझं नाव. म्या कुणाची चोरी केली न्हाई."

मधू, मला उत्तर देता आले नाही. विड्या वळतात मावशी, पण विडी कामगाराचे कार्ड, ठेकेदाराची पान-तंबाखूची वही आणि भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे फंडाचे, पासबुक जावेच्या नावावर आहे. घरी बसून विडी वळणारी बाई 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामगारच ठरवली होती. 1977 साली भविष्य निर्वाह निधी या धंद्याला लागू झाला आणि घरी काम करणाऱ्या बायकाही त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले. हे सगळे माझ्या दुसऱ्या प्रकरणात व्यवस्थित मांडलेले आहे. आणि ज्या बाईने आयुष्यभर विड्या वळल्या, तिचे नाव कुठल्याच कागदावर नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा नवीन कार्ड मिळत नव्हते, म्हणून पान आणि तंबाखू जावेच्या वहीवर येऊ लागली, ती अजून तशीच येते. कार्ड नाही म्हणून मुलीला कामगार कल्याण निधीची शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्या निधीला पैसा पुरवणारा विडीवरचा उपकर तर 2017 साली जीएसटी आला तेव्हाच बंद झाला. जाऊबाईंना मात्र वाईट ठरवू नकोस. त्याच फंडातून उचल काढून त्यांनी मावशींच्या मुलीचे लग्न उरकून दिले आहे, आणि दोघी आजही एकाच चुलीवर भाकरी करतात.

मावशींची आई मात्र कारखान्यात बसून विड्या वळायची. तिचे नाव हजेरीपटावर होते. सुभाष जोशी सरांनी निपाणीतल्या विडी कामगार बायकांची संघटना बांधली तेव्हा ती सभासद झाली, आणि त्या वर्गणीची पावती मावशींनी ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवली आहे. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसले, तेव्हा आईचा हात धरून भाकरीचे गाठोडे पोचवायला गेल्याचे मावशींना आठवते. त्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले, हे सांगताना मावशींचा आवाज आजही बदलतो. पुढे कारखान्यात बसणाऱ्या बायका कमी होत गेल्या, काम घराघरांत गेले आणि मध्ये ठेकेदार आला. आईचे नाव कागदावर होते आणि लेकीचे नाही, हाच माझ्या प्रबंधाचा गाभा आहे असे मला वाटू लागले आहे. मग मी त्यांना टोपणनाव दिले, तर त्या ठेकेदाराच्या वहीत आणि माझ्या प्रबंधात फरक तो काय राहिला?

मार्गदर्शकांशी बोलले. ते शांतपणे म्हणाले की टोपणनाव हे संरक्षण आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या ज्या खेड्यात 1948 साली मुक्काम केला, त्या अख्ख्या गावालाच त्यांनी 'रामपुरा' हे दुसरे नाव दिले होते, तर तू एका बाईचे नाव बदलायला का कचरतेस? फारच वाटत असेल तर ऋणनिर्देशात नाव घाल, असेही त्यांनी सुचवले. मी तसे मावशींना विचारले. "आभार कशाला? म्या विड्या वळल्या, ते लिवा," एवढेच त्या बोलल्या.

मार्गदर्शकांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. नाव छापले आणि ते ठेकेदाराच्या कानावर गेले, तर तो काहीही न बोलता पान देणे बंद करील आणि ती चूल दुसऱ्या दिवशी थंड पडेल. शिवाय मावशींचे नाव आले की जावेचे कार्ड उघडे पडते, आणि संमती दिली आहे ती मावशींनी, जाऊबाईंनी नाही. एकीचा हक्क लिहिताना दुसरीचा फंड अडकला, तर तो न्याय कसला?

2019 च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेचे पाणी ओसरल्यावर आपण गावोगाव पाहणी करत हिंडलो होतो. पंचनाम्यात नसलेल्या कुटुंबांची आपली यादी कचेरीत द्यावी असे तुझे म्हणणे होते. नावे गुप्त ठेवण्याचा शब्द दिला आहे, तो मोडायचा नाही, असे माझे म्हणणे होते. "तुझा शब्द त्यांच्या पडलेल्या भिंती उभ्या करणार आहे का?" असे तू चिकोडीच्या स्टँडवर सगळ्यांसमोर विचारलेस, आणि बेळगावपर्यंत आपण एका बाकावर बसून एकमेकींशी बोललो नाही. शब्द पाळला पाहिजे, असे मी आजही म्हणते. पण तेव्हा तो शब्द लोकांनी आपल्याकडे मागितला होता की आपणच छापील कागदावरून वाचून दाखवला होता, हे मात्र आता मी स्वतःला विचारते आहे. मावशींनी तर तो शब्द नको म्हणून सांगितले आहे.

मला सुचलेला मार्ग असा आहे. मावशींची जीवनकथा, आईची पावती, त्यांचे कसब आणि 1981 ची आठवण त्यांच्या खऱ्या नावाने एका स्वतंत्र प्रकरणात यावी. आणि दुसरीच्या कार्डावर काम करण्याची पद्धत वेगळ्या प्रकरणात, अनेक घरांची मिळून, गल्ली आणि ठेकेदार न सांगता यावी. पण मावशींना "म्या विड्या वळल्या" हे लिहायला हवे आहे, आणि ते लिहिले की कुणाच्या वहीवर हा प्रश्न ओघाने येतोच. गल्लीतला कोणीही दोन प्रकरणे शेजारी ठेवून ओळखू शकेल. प्रबंध इंग्रजीत असल्याने गल्लीत कोण वाचणार, असे विभागातली एक मैत्रीण म्हणाली. मला त्या वाक्याचा राग आला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचता येणार नाही, या भरवशावर मला पदवी नको आहे. निष्कर्षांची मराठी पुस्तिका काढून गल्लीत वाटायची, हे मी पहिल्यापासून ठरवले आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? धारवाडलाच राहणार असलीस तर बरे. चिरंजीव शाळेत रमला का, आणि तुझ्या सासऱ्यांचे डोळ्याचे ऑपरेशन झाले का, ते कळव.

सोबत त्या दोन प्रकरणांचा कच्चा मसुदा पाठवते आहे. मावशींचे नाव पेन्सिलीने लिहिले आहे. तुझ्या संस्थेतल्या वकीलबाईंना एवढे विचार की मावशींना स्वतःचे कार्ड मिळण्यासाठी आता अर्ज करता येईल का, आणि तो केला तर जावेच्या फंडावर काही बालंट येईल का. कार्ड आधी होत असेल, तर प्रबंध सहा महिने थांबला तरी मला चालेल; मार्गदर्शकांना मी सांगेन. जाऊबाईंशी मी या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दोघी घरी असताना बोलणार आहे. त्याआधी फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझी,
लता