फिलिपाइन्समधील अध्यापन-दौरा आणि तिथल्या मंडळ्यांची भाषा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या एका ख्रिस्ती उपदेशकांनी फिलिपाइन्समधील मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चच्या समुदायांत जाऊन केलेल्या अध्यापन-दौऱ्याची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. आमच्यासारख्या लहान मराठी ख्रिस्ती समाजाच्या कामाची दखल आपण घेतलीत, याबद्दल मनापासून आभार. मात्र बातमीच्या शीर्षकात ‘धर्मप्रसार’ हा शब्द होता आणि ती वाचून अनेक परिचितांनी मला ‘तिकडे किती लोकांचे धर्मांतर झाले?’ असे विचारले. दौऱ्याचा हेतू वेगळा होता, आणि त्याच्या यशापयशाचा विचारही वेगळ्या कसोटीवर व्हायला हवा, असे मला वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

फिलिपाइन्समध्ये ख्रिस्ती धर्म नवा नाही. मॅगेलनची जहाजे 1521 मध्ये तिथे पोहोचली आणि 1565 पासून लेगास्पीच्या स्पॅनिश मोहिमेबरोबर आलेल्या ऑगस्टिनियन संघाच्या धर्मगुरूंनी तिथे कायमचे काम सुरू केले. 2020 च्या जनगणनेनुसार तिथली 78.8 टक्के लोकसंख्या रोमन कॅथलिक आहे. प्रॉटेस्टंट आणि इतर ख्रिस्ती पंथीय त्याखेरीज. अशा देशात इंदूरचा उपदेशक जातो तो कोणाला ख्रिस्ती करण्यासाठी नव्हे, तर जे आधीच मंडळ्या सांभाळत आहेत त्यांना पवित्र शास्त्राच्या अभ्यासात सोबत करण्यासाठी. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अपुल्लोची हकीकत आहे. तो मोठा वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, पण त्याची माहिती अपुरी होती; तेव्हा तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या पतिपत्नींनी त्याला आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावून सांगितले. सभा नाही, गाजावाजा नाही. एका शिक्षकाला दुसऱ्यांनी दिलेली ती शिकवण होती. अशा दौऱ्याकडे मी याच दृष्टीने पाहतो.

परतल्यानंतर या उपदेशकांनी आमच्या मंडळीपुढे सविस्तर वृत्तांत सांगितला. त्यांचे बहुतेक काम पनाय आणि नेग्रोस या दोन बेटांवर झाले. इलोइलोहून बाकोलोदला जाण्यासाठी मधली सामुद्रधुनी बोटीने ओलांडावी लागते. या भागात बाप्तिस्त या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्या जुन्या आहेत, कारण 1901 मध्ये प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले, तेव्हा पनाय आणि पश्चिम नेग्रोस बाप्तिस्तांकडे आले. इलोइलोच्या हारो भागात बाप्तिस्तांनी 1905 मध्ये काढलेली शाळा आज सेंट्रल फिलिपाइन विद्यापीठ म्हणून उभी आहे आणि तिथे पाळकांचे शिक्षणही होते. पण नेग्रोसच्या आतल्या भागात, उसाच्या मळ्यांना लागून असलेल्या वस्त्यांतल्या पाळकाला घरदार आणि मजुरी सोडून वर्षानुवर्षे विद्यापीठात राहणे शक्य नसते. नेग्रोस हा त्या देशाचा साखरेचा पट्टा आहे. तोडणीच्या हंगामात पनायवरून, विशेषतः अंतिके प्रांतातून, मजुरांच्या टोळ्या तिथे जातात. गाळप थांबले की पुढचे काही महिने मजुरांच्या हाताला काम नसते. बीड आणि नगर जिल्ह्यांतली ऊसतोड ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. या वस्त्यांतले अनेक पाळक आठवडाभर मळ्यात राबतात आणि रविवारी उपासना चालवतात. त्यांना शिकायचे असते, आणि शिकवणारा त्यांच्या दारापर्यंत आला तरच ते शिकू शकतात. म्हणूनच या दौऱ्यासाठी आमच्या मंडळीने दिलेले दान योग्य ठिकाणी गेले, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

उपदेशकांनी अनेक विषय घाईने हाताळण्याऐवजी नव्या करारातले रोमकरांस पत्र हे एकच पुस्तक अध्यायाअध्यायाने शिकवले, हे मला फार पटले. तथापि त्यांच्या वृत्तांतातल्या एका गोष्टीने मी अस्वस्थ झालो. सर्व अध्यापन इंग्रजीत झाले, हाती दिलेली टिपणेही इंग्रजीत होती, आणि तिथल्या लोकांसाठी एक स्थानिक पाळक दिवसभर वाक्यावाक्याला हिलिगायनोन या तिथल्या बोलीच्या भाषेत दुभाषाचे काम करत राहिले. आपल्याकडे सर्रास असा समज आहे की फिलिपिनो माणसाला इंग्रजी येतेच. या समजाला आधार आहे. 1901 मध्ये अमेरिकी सरकारने शेकडो शिक्षक जहाजाने तिथे पाठवले, तेव्हापासून शाळांत इंग्रजी रुजली, आणि 1987 च्या राज्यघटनेनेही फिलिपिनो भाषेबरोबर इंग्रजीला राजभाषेचा दर्जा दिला. पण शाळेत शिकलेली भाषा आणि माणूस ज्या भाषेत प्रार्थना करतो, मुलाला रागावतो, मयताच्या घरी सांत्वन करतो ती भाषा एकच असते असे नाही. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती हे रोज अनुभवतो. आमच्यापैकी अनेकांचे वाडवडील अहमदनगर, जालना या भागांतून नोकरीनिमित्त इकडे आले. माळव्यात 1877 पासून कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनने वाढवलेल्या मंडळ्यांत उपासना हिंदीत होते आणि आम्ही ती श्रद्धेने करतो, पण आजाऱ्याच्या उशाशी बसलो की तोंडी मराठी प्रार्थनाच येते.

दुभाषा ठेवल्याने निम्मा वेळ जातो, हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा मला निराळा वाटतो. दुभाषा म्हणून साहजिकच तिथला सर्वांत जाणकार पाळक निवडला जातो, कारण शास्त्रातल्या संज्ञा त्यालाच कळतात. सबंध दौऱ्यात तो दुसऱ्याची वाक्ये फिरवून सांगण्यात गुंतलेला राहतो. त्याला स्वतःचा प्रश्न विचारता येत नाही, स्वतःच्या वस्तीतले उदाहरण देता येत नाही आणि ऐकणाऱ्यांच्या नजरेत तो पाहुण्याचा मदतनीस ठरतो. पाहुणा परत गेल्यावर ज्याने पुढे शिकवायचे, त्याचीच शिक्षक म्हणून तयारी अशी राहून जाते. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितले आहे ते नेमके याच्या उलट: जे ऐकलेस ते अशा विश्वासू माणसांकडे सोपव, की जी इतरांनाही शिकवू शकतील. माझी सूचना अशी आहे की पुढच्या वेळी आमच्या उपदेशकांनी त्या पाळकांबरोबर आधी बसावे, धडा दोघांनी मिळून तयार करावा, तो हिलिगायनोनमध्ये लिहून छापून घ्यावा आणि वर्ग त्या पाळकांनाच घेऊ द्यावा. पाहुण्याने शेजारी बसून शंकांना उत्तरे द्यावीत. शिकवण्याची ज्यांना मनापासून आवड आहे त्यांना असे गप्प बसणे जड जाते, हे मी शिक्षकी पेशात आयुष्य घालवल्यामुळे जाणतो.

यात नवे काही नाही. त्या देशात ख्रिस्ती शिकवण जिथे खोल गेली तिथे ती अशीच गेली. मनिलात 1593 मध्ये छापलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक स्पॅनिशबरोबर तागालोग या तिथल्या भाषेत होते, आणि तागालोग मजकूर रोमन लिपीत तसाच तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतही दिला होता. पुढे प्रभूच्या दुःखसहनाची कथा तागालोग पद्यात आली. पवित्र आठवड्यात घरोघरी, आळीपाळीने, न थांबता ती गाऊन वाचण्याची प्रथा आजही चालू आहे. आपल्याकडच्या पारायणासारखेच ते आहे. वाचणारे दमले की दुसरे बसतात आणि यजमान सर्वांना खाऊपिऊ घालतात. पनायवर तर गोष्ट आणखी बोलकी आहे. स्वीडिश बाप्तिस्त एरिक लुंड आणि पनायचेच रहिवासी ब्राउलिओ मानिकान यांनी स्पेनमध्ये असतानाच शुभवर्तमानाचे हिलिगायनोनमध्ये भाषांतर सुरू केले आणि मग 1900 मध्ये ते दोघे इलोइलोला पोहोचले. आधी भाषा, मग प्रवास, असा तो क्रम होता. आपल्या बाजूला गोव्यातल्या राचोलला 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत छापली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळ्यांत आणले, याचा वारसा सांगणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या भाषेबद्दल उदासीन राहू नये.

स्थानिक माणसाला मागे ठेवण्याचा परिणाम काय होतो, हेही फिलिपाइन्सच्या इतिहासात स्पष्ट दिसते. स्पॅनिश राजवटीत तिथल्या धर्मगुरूंना धर्मग्राम (पॅरिश) मिळावेत म्हणून बोलणारे गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा हे तिघे धर्मगुरू 17 फेब्रुवारी 1872 रोजी, काविते येथील बंडाशी त्यांचा संबंध जोडून, मनिलात देहान्त शिक्षेला सामोरे गेले. त्या जखमेचा परिणाम म्हणून तीस वर्षांनी, 1902 मध्ये, ग्रेगोरिओ अग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र फिलिपाइन चर्च उभे राहिले. प्रॉटेस्टंटांतही तेच घडले: मेथडिस्टांचे पहिले फिलिपिनो पाळक निकोलास झामोरा यांनी 1909 मध्ये मिशनपासून वेगळे होऊन फिलिपिनो नेतृत्वाखालची मेथडिस्ट मंडळी स्थापन केली. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली होती. शिकवणारे दुष्ट होते असे यातून मला सुचवायचे नाही. त्यांपैकी अनेकांनी आयुष्ये वेचली. पण शिकलेल्याच्या हाती सूत्रे देण्याची वेळ आली तेव्हा पुष्कळांचा हात आखडला. आता शिकवायला आपण जात आहोत, तर ही आठवण आपल्याकडे असली पाहिजे. एका आशियाई देशातून दुसऱ्या आशियाई देशात गेल्याने आपण आपोआप त्या दोषातून मुक्त होत नाही.

दौऱ्याच्या व्यवस्थेविषयी थोडेसे. दौरा ऐन तोडणीच्या हंगामात झाल्यामुळे मळ्यात काम करणारे पाळक फक्त संध्याकाळी येऊ शकले, असे उपदेशकांनीच सांगितले. गाळप संपल्यावर आणि वादळांचा मोसम भरात येण्यापूर्वी, म्हणजे मेच्या सुमारास गेल्यास त्यांना दिवसभर बसता येईल. मात्र त्या दिवसांत त्यांच्या घरी पैसा नसतो, म्हणून जेवणाचा आणि येण्याजाण्याचा खर्च आपण उचलला पाहिजे. त्यासाठी एखाद्या नव्या बेटाचा बेत रद्द करावा लागला तरी चालेल. दरवर्षी नवी ठिकाणे जोडण्यापेक्षा त्याच वस्त्यांत पुन्हा जाणे मला अधिक मोलाचे वाटते. तसेच पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन प्रवचने करणे आपल्या देशात परदेशी पाहुण्यांना चालत नाही. तेव्हा आपणही तिथल्या शासनाकडून कामाला साजेशी परवानगी घेऊनच जावे.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. असा दौरा पुढे झाला तर सभांच्या संख्येऐवजी कोणत्या स्थानिक शिक्षकांनी काय शिकवले, ते त्यांच्याच शब्दांत छापावे. मराठी वाचकांना फिलिपाइन्समधल्या साध्या माणसांची ओळख त्यातून होईल. आमच्या मंडळीच्या वडीलजनांपुढे मी असा प्रस्ताव ठेवला आहे की पुढच्या वर्षीच्या दानातला एक भाग, यंदा दुभाषाचे काम केलेल्या पाळकांना इंदूरला बोलावण्यासाठी राखून ठेवावा. त्यांनी आमच्याकडे राहून रोमकरांस पत्र त्यांच्या मळ्यांतल्या लोकांना कसे समजते ते आम्हाला शिकवावे, हिलिगायनोनमधून, आणि भाषांतराचे कष्ट या वेळी आम्ही घ्यावेत. विषय कोणता हवा हे विचारणारे पत्र नाताळपूर्वी त्यांना जावे, एवढी वडीलजनांना या पत्राद्वारे जाहीर विनंती करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, इंदूर