घुमटावरची बाई आणि बेचाळीस किलोमीटर

प्रिय दोस्ता,

रविवारी मुंबई मॅरेथॉन संपल्यावर फोनवर तुला नुसतं "पूर्ण केली रे" एवढंच बोललो आणि ठेवून दिला, राग मानू नकोस. तेव्हा मी आझाद मैदानात गवतावर पाय पसरून बसलो होतो आणि तोंडातून शब्दच फुटत नव्हता. आता चार दिवस झालेत, जिना उतरताना मांड्या अजून बोलतायत, पण डोकं एकदम शांत आहे. म्हटलं तुला नीट बसून लिहावं, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यासारखं हे नाहीच.

सुरुवात लोकलपासूनच करतो. मॅरेथॉनच्या दिवशी पहाटे तीनच्या आसपास खास लोकल सोडतात, ठाण्याला चढलो तर अख्ख्या डब्यात शूज घातलेली, छातीला बिब, म्हणजे नंबराचा कागद, लावलेली माणसं. कोणी केळं खातंय, कोणी डोळे मिटून बसलंय, एक काका शांतपणे पायाच्या बोटांना व्हॅसलीन चोळत होते. ज्या गाडीत आपण इतकी वर्षं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून प्रवास केला तीच गाडी, आणि सगळ्यांना बसायला जागा! बाजूची मुलगी म्हणाली, पहिलीच आहे माझी, भीती वाटतेय. मी म्हटलं माझी दुसरी आहे, मलाही वाटतेय.

आता ऐक, तुला हे सांगायचंच होतं. आठवतंय, सीएसटीच्या मोठ्या घुमटावर जी बाईची मूर्ती आहे, तिच्या हातात काय आहे यावरून आपलं कितीदा वाजलं होतं? तू म्हणायचास ढाल, मी म्हणायचो काहीतरी गोल आहे पण ढाल नाही. आणि दोघांनीही कधी थांबून नीट बघितलं नाही, कारण गाडीतून उतरलं की खाली मान घालून सबवेत शिरायचं, पलीकडे वर आलं की दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून ऑफिस गाठायचं, उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. संध्याकाळी तेच उलटं. सहा वर्षं रे, रोज दोनदा. तर रविवारी सुटायच्या आधी तिथे वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं, समोर अख्खी इमारत दिव्यांत न्हालेली, रस्त्यावर एक गाडी नाही, मग काय, मान वर करून बघत राहिलो. उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात आऱ्यांचं चाक! ढाल नाही, चाक आहे. प्रगतीची मूर्ती आहे म्हणे ती. आणि खाली गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. इतक्या वर्षांत त्या वाघाला मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि रोज त्याच्या पुढ्यातून जात होतो याचं मला तिथे उभ्या-उभ्या फार वाईट वाटलं.

घरी येऊन वाचलं. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने 1878 ला काम सुरू केलं, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली, समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. आणि स्टेशनला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो 2004 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली त्याच वर्षी. मला हे फार आवडलं.

पाचच्या सुमारास सोडलं आम्हाला. पहिला किलोमीटर कोणी धावत नसतंच, नुसती गर्दी सरकते, हजारो शूजचा एक घासल्यासारखा आवाज येतो आणि वेळ मोजणाऱ्या चिपच्या पट्टीवरून जाताना टुंई-टुंई. मग हळूहळू जागा मिळते आणि एकदम लक्षात येतं की आपण फोर्टमध्ये रस्त्याच्या मधोमध आहोत! फुटपाथवरून, फेरीवाल्यांच्या मधून अंग चोरत नाही, मधोमध. आणि रस्त्याच्या मधून हे सगळं वेगळंच दिसतं, दोन्ही बाजूच्या इमारती पूर्ण दिसतात, खालच्या पाट्यांपासून वरच्या कोरीव कामापर्यंत. आपल्याला फोर्ट म्हणजे पाट्या आणि दुकानंच माहीत, वरचे तीन मजले आपण बघितलेच नव्हते.

मरिन ड्राईव्हला अजून अंधार होता, वारा गार. तिथे मी स्वतःला सारखं बजावत होतो, हळू, हळू. कारण दोन वर्षांपूर्वी मी घोळ घातला होता तो इथेच. तुला तेव्हा फक्त "जमलं नाही" म्हणून सांगितलं होतं. झालं असं की पहिले दहा किलोमीटर मी सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, पळालो, गार हवा, लोकं टाळ्या वाजवतायत, पायात जोर, वाटलं आज काही खरं नाही. आणि परतीला पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या, दगड झाल्यासारख्या. तिथेच डिव्हायडरवर बसलो आणि शेवटी गाडीत घालून आणलं. त्या गाडीच्या खिडकीतून मी फाउंटन बघितलं, सीएसटी बघितलं, आणि लहान पोरासारखा रडलो. ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

नंतर आमच्या ग्रुपमधल्या एका अनुभवी बाईंनी समजावलं, साठ वर्षांच्या आहेत, अजून पळतात. त्या म्हणाल्या, स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवलेली असते ना, ग्लायकोजेन, ती तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. सुरुवातीला जितका जोरात पळशील तितकी ती लवकर जाते. चरबी भरपूर असते पण शरीराला ती इतक्या पटकन वापरता येत नाही. म्हणून सुरुवात अशी करायची की आपल्यालाच लाज वाटावी, आणि वाटेत दर पाऊण तासाने काहीतरी गोड पोटात ढकलायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. मग मी वर्षभर तेच केलं. दर रविवारी लाँग रन, येऊर नाहीतर घोडबंदर, शेवटचे तीन आठवडे कमी करत आणलं. यावेळी साडेसातच्या पेसने निघालो, लोकं भराभर पुढे जात होती, जाऊ दिली.

सी लिंकवर उजाडलं. तुला माहितीये, एरवी तिथे चालायला बंदी, बाईकलाही बंदी, 2009 ला पूल सुरू झाला तेव्हापासून पायाने तिथे जायचं तर अशी मॅरेथॉनच हवी. पूल किंचित हलतो रे पायाखाली, म्हणजे निदान मला तरी जाणवलं. केबलच्या जाळीतून उजवीकडे शहराच्या मागून सूर्य वर आला, डावीकडे नुसतं पाणी, आणि हजारभर माणसं पळताना एकदम गप्प झाली. बोलणारे बोलायचे थांबले. बॅंड नाही, टाळ्या नाहीत, नुसते श्वास ऐकू येत होते. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

वांद्रे, माहीम, सावरकर मार्ग, तिथे मग सगळं शहर उठलेलं. परतीच्या वाटेवर, पेडर रोड यायच्या आधी, मागून शिट्ट्या आणि मोटरसायकलींचा आवाज आला आणि आम्हाला बाजूच्या लेनमध्ये घेतलं. एलिट, म्हणजे जिंकायला पळणारे व्यावसायिक धावपटू, येत होते. ते आमच्या नंतर दोन सव्वादोन तासांनी सुटतात आणि तरी आम्हाला गाठतात. सहा-सात जणांचा घोळका, आणि तुला सांगतो, पाय टेकल्याचा आवाजच नाही, टप् टप् इतकंच, मांजरं गेल्यासारखी. मी थांबून बघायला नको होतं पण थांबलो. इथला कोर्स रेकॉर्ड इथिओपियाच्या हेले लेमीचा आहे, 2023 चा, 2 तास 7 मिनिटं 32 सेकंद. म्हणजे दर किलोमीटर तीन मिनिटं, बेचाळीस वेळा. आणि तुझ्या माण तालुक्यातल्या ललिता बाबरची आठवण झाली बघ, मोहीची पोरगी, भारतीय महिलांमध्ये हीच मॅरेथॉन सलग तीन वर्षं जिंकली आणि मग रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली. तुझ्या शेतापासून तिचं गाव किती लांब आहे रे? एकदा दाखव मला.

पेडर रोडचा चढ. पस्तीस किलोमीटर पार झालेले, ऊन चढलेलं, पाय मला न विचारता आपलेआप चालायला लागले. मी त्यांना चालू दिलं, पळायचा हट्ट केला नाही, खाली बघून एकेक पाऊल टाकत होतो. दोन वर्षांपूर्वी जिथे बसलो होतो तो डिव्हायडर आला. आणि अगदी तिथेच रस्त्याच्या कडेला एक आजी उभ्या होत्या, गाऊनवर स्वेटर घातलेला, हातात स्टीलचं ताट, ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी आणि एका वाटीत मीठ. नुसत्या सोललेल्या नाहीत रे, पांढऱ्या शिरासुद्धा काढलेल्या, बिया काढलेल्या. किती पहाटे उठून बसल्या असतील? मी दोन फोडी मिठाला लावून तोंडात टाकल्या. त्या म्हणाल्या, "उतारच आहे आता बाळा, जा." मी त्यांना नीट थँक्यूसुद्धा म्हणालो नाही, घसाच दाटून आला. पुढच्या वर्षी त्याच जागी थांबून त्यांच्या पाया पडणार आहे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडली नाही, ती पण लिहितो. मरिन ड्राईव्हला परत आलो तर रस्ताभर पाण्याच्या बाटल्या, दोन घोट प्यायल्या आणि फेकल्या, अर्ध्याअधिक भरलेल्या. तुमच्याकडे टँकरची वाट बघणारी माणसं मला दिसली रे डोळ्यांसमोर. मागून सफाई कामगार पोती घेऊन वाकून-वाकून उचलत होते. आम्ही धावणारे स्वतःला फार शिस्तीचे समजतो, मग एक बाटली हातात धरून पुढच्या डब्यापर्यंत नेणं जमू नये? मी ग्रुपवर लिहिलं तसं, काहींना राग आला, येऊ दे.

आता शेवटचं. चर्चगेट स्टेशनवरून आत वळलो. हे पण मला नंतरच कळलं, ऐक. चर्चगेट म्हणजे खरोखरच किल्ल्याचा दरवाजा होता, सेंट थॉमस चर्चकडे जाणारा. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तट पाडून टाकले, आणि हा दरवाजा जिथे होता तिथेच 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. म्हणजे आम्ही जे एकेचाळीस किलोमीटर बाहेर भटकून आलो ते शेवटी वेशीतून गावात शिरलो असंच झालं की! वाटेत ओव्हलची मोकळी जागा, एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला ती गोल कोपऱ्यांची आर्ट डेको घरं. दोघांना मिळून 2018 मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं. आपण तिथे दुपारी डबा खायचो, तेव्हा आपल्यासाठी ते फक्त सावलीचं ठिकाण होतं.

आणि हुतात्मा चौक. तिथे काही लोकं थांबून हात जोडत होती, पळता-पळता. मीही जोडले. 21 नोव्हेंबर 1955 ला इथेच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, याच दगडांवर माणसं पडली, म्हणून मुंबई आपल्याला मिळाली. तुझे आजोबा त्या मोर्च्यात होते ना? तू सांगितलेलं एकदा, रात्री गॅलरीत. त्यांच्यासाठी पण एक नमस्कार केला, तुला न विचारता.

मग ते शेवटचे 195 मीटर. हे आकडे असे विचित्र का तर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकला विंडसर किल्ल्यापासून निघून स्टेडियममध्ये राजघराणं बसलं होतं तिथपर्यंत मोजून घेतले आणि पुढे तेच कायम झाले. मला त्यावेळी एवढंच दिसत होतं की लांबून घुमट दिसायला लागलाय आणि वर ती उभी आहे. चाक घेऊन. घड्याळात 5 तास 24 मिनिटं. मी रेषेवरून पळतच गेलो, चालत नाही.

तू मुंबई सोडलीस तेव्हा बाबा गेल्याचं दुःख, जमिनीची कटकट, सगळं एकदम आलं तुझ्यावर, आणि मी स्टेशनवर पोचवायला आलो तेव्हाही आपण घाईतच होतो. नीट निरोप पण घेतला नाही तुझा. पुढच्या जानेवारीत ये. फुल मॅरेथॉन नको, ड्रीम रन कर, सहाएक किलोमीटरची असते, सीएसटीहूनच सुटते, तू शेतात रोज त्याहून जास्त चालतोस. काकूंनाही आण, ज्येष्ठ नागरिकांची वेगळी असते, जमलं तर चालतील, नाहीतर बसून बघतील. शनिवारी रात्री आमच्याकडे ठाण्याला ये, दोन वाजता उठायचं, तीनची लोकल पकडायची. रजिस्ट्रेशन उघडलं की मी तुझा फॉर्म भरतोच, फक्त आधारचा फोटो आणि टी-शर्टचा साईज पाठव.

त्या मूर्तीचा फोटो काढलाय मी मोबाईलवर, चाक स्पष्ट दिसतंय. पण पाठवत नाहीये.

तुझाच,
खोली नंबर 14 मधला पार्टनर