शिक्षकांचा हॅलोविन वेश घरच्या घरी

संपादक महोदय,

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी शिक्षकांनी महागडे पोशाख विकत घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. मी बालवर्गाला शिकवते. गेल्या वर्षी मी कोळी झाले. अंगात काळे कपडे, आणि चार जुन्या काळ्या मोज्यांत रद्दी कोंबून दोन्ही कुशींना दोन-दोन पाय टाचले. माझे हातपाय धरून झाले आठ! मोज्यांची टोकं दोऱ्याने मनगटांना बांधली की हात उचलताच सगळे पाय हलतात. मुलं दिवसभर मला हात वर करायला लावत होती.

मुखवटा मात्र नकोच. चेहरा झाकला की लहानगी बिचकतात. सेफ्टी पिनाही टाळा. मुलं येऊन बिलगतात, म्हणून मी हाताने टाकेच घातले.

– एक बालवाडी शिक्षिका