‘कुठल्या देशात?’ याआधी विचारा, ‘कुठली सांकेतिक भाषा?’

संपादक महोदय,

सांकेतिक भाषेच्या, म्हणजे कर्णबधिरांच्या हातखुणांच्या भाषेच्या, दुभाष्यांना परदेशात काम मिळते, हे खरे. पण ‘खुणा काय, सगळीकडे सारख्याच’ असे समजून कोणी व्हिसाचा अर्ज भरला, तर पैसा आणि उमेदीची वर्षे दोन्ही पाण्यात जातात.

अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे बोलतात इंग्रजीच. तिथल्या कर्णबधिरांना मात्र एकमेकांची भाषा कळत नाही. अमेरिकी सांकेतिक भाषेची नाळ फ्रेंच सांकेतिक भाषेशी जुळलेली आहे. १८१७ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा निघाली, तेव्हा लोराँ क्लेर या कर्णबधिर फ्रेंच शिक्षकांनी आपली सांकेतिक भाषा तिथे नेली. ब्रिटिश सांकेतिक भाषेचे गोत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे. त्यामुळे ब्रिटनचा दुभाषा ऑस्ट्रेलियात लवकर रुळतो, अमेरिकेत त्याला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते.

घोटाळा किती बारीक असतो पाहा. तर्जनी, मधले बोट, अनामिका उभी आणि अंगठा करंगळीवर टेकलेला. ‘तीन’ दाखवताना अनेकांचा हात सहज असाच होतो. अमेरिकी सांकेतिक भाषेत हे ‘सहा’. तिथला ‘तीन’ अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाचा. दवाखान्यात तीन गोळ्यांच्या सहा झाल्या, तर चूक कुणाच्या माथी?

व्हिसा मिळणे आणि काम करण्याची मान्यता मिळणे, हेही दोन वेगळे उंबरे आहेत. ऑस्ट्रेलियात ‘नाटी’ या दुभाष्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते, तेही तिथल्या ऑसलॅन या सांकेतिक भाषेचे, आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ब्रिटनमध्ये ‘एनआरसीपीडी’ या दुभाष्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडची नोंदणी विचारतात. अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती असले तरी काही राज्यांचा परवाना वेगळा काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय खुणांच्या भरवशावर तर राहूच नये. त्या परिषदांमध्ये चालतात, कोर्टात किंवा शाळेत रोजचे काम त्यांवर भागत नाही.

हात तयार झाला तरी बहुतेकांची गाडी अडते ती आवाजापाशी. कर्णबधिर माणूस खुणांनी बोलत असताना ते त्याच क्षणी अस्खलित इंग्रजीत, त्याच्याच बाजात सांगायचे असते. म्हणून खुणांतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून खुणांत, अशा दोन्ही दिशांचे दहा-दहा मिनिटांचे, न कापलेले चित्रीकरण करून त्या देशातल्या कर्णबधिर व्यक्तीलाच दाखवावे. ऐकू येणाऱ्या मित्राची शाबासकी इथे उपयोगाची नाही. जोडीला कामाची वही ठेवावी: तारीख, तास, ठिकाणाचा प्रकार. त्यात अशिलाचे नाव कधीच नको. केलेल्या कामाच्या तासांचे पत्र इथली नोकरी सोडण्याआधीच घ्यावे, नंतर ते मिळवताना चपला झिजतात. तिथली भाषा अंगवळणी पडण्याचा काळ महिन्यांत नव्हे, वर्षांत धरावा; तोवर पोटापाण्यासाठी दुसरे काम हाताशी हवे.

परदेशी नोकऱ्यांची माहिती छापताना नुसते ‘साइन लँग्वेज’ न लिहिता त्या भाषेचे नावही द्यावे, एवढी विनंती.

आपले,
काही सांकेतिक भाषा दुभाषे