तेरा डब्यांचा हिशोब मांडून देणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं सोलापुरात मिळायला लागल्यापासून तुमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कुणीतरी एकच प्रश्न घेऊन येतं, "स्वस्तात स्वस्त कितीला पडेल?" एक आकडा सांगून, इंजेक्शनचं पेन पिशवीत घालून गिऱ्हाईक मोकळं करणं सोपं होतं. तुम्ही तसं कधी केलं नाहीत. बिलाच्या कोऱ्या बाजूवर वर्षाचा हिशोब मांडून दिलात. मराठीत नीट कळलं नाही तर तेलुगूत सांगितलंत, कन्नडमध्ये सांगितलंत. आम्ही आहार आणि औषधं यांबद्दल लोकांशी रोज बोलणारी माणसं. तुमच्याकडून आलेल्यांच्या हातातले ते कागद आमच्यापर्यंत पोचतात, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी त्या हिशोबाबद्दल. लोक पहिल्या डब्याची किंमत बघतात, तिला बाराने गुणतात आणि परवडेल की नाही ते ठरवतात. यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही तुम्ही बोट ठेवून दाखवता. पहिली म्हणजे डबा चार आठवड्यांचा असतो, त्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा डबे लागतात. दुसरी म्हणजे डोस चढत जातो. या इंजेक्शनांतलं एक औषध, सेमाग्लुटाइड, 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं, मग दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. विगोवी हा सेमाग्लुटाइडचा ब्रँड जून 2025 मध्ये भारतात आला तेव्हा पहिल्या तीन डोसांचा डबा 17,345 रुपयांना होता, 1.7 चा 24,280 ला आणि 2.4 चा 26,015 ला. पहिली किंमत गुणिले बारा केलं तर 2,08,140 येतात. डोस चढवत तेरा डबे मोजले तर 3,10,450. एक लाखाच्या वर फरक! हा फरक सहाव्या महिन्यात कळला की माणूस औषध मध्येच सोडतो, आणि तोवर घातलेले पैसेही वाया जातात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. त्यामुळे "दोन महिने घेऊन बघतो" म्हणणाऱ्याला तुम्ही पेन देण्याआधी खुर्ची देता, ते फार बरोबर आहे.

किमती नंतर उतरल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये विगोवीचा सुरुवातीचा डबा 10,850 वर आला. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली आणि आपल्याकडच्या कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून तुमचा सल्ला एका वाक्याचा असतो, "डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा." चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराला स्वतःच्या मनाने दुसऱ्या कंपनीचं औषध देता येत नाही. चिठ्ठीवर सेमाग्लुटाइड, डोस, आठवड्यातून एकदा आणि किती आठवडे हे चारही असलं की दुकानात किमती विचारून निवड करता येते. ही चार शब्दांची दुरुस्ती करून घ्यायला लोकांना परत डॉक्टरांकडे पाठवताना त्या दिवसाची विक्री तुमच्या हातून जाते, हे आम्हाला कळतं.

ज्यांच्याकडे डॉक्टरांच्या फीचेही पैसे नाहीत, त्यांना तुम्ही सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मेडिसीनच्या ओपीडीत केसपेपर काढायला सांगता. जाताना काय सांगायचं तेही लिहून देता : घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला आहे का, स्वतःला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, बाळाचा विचार चालू आहे का. शुगर असलेल्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आधी सांगायचं, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. हे प्रश्न घाईच्या ओपीडीत राहून जातात. तुमच्या कागदामुळे ते राहत नाहीत.

आता सिरिंजची गोष्ट. ही आम्ही स्वतः शिकवतो, पण तुमच्याइतकी नीट कुणी दाखवत नाही. पेनपेक्षा औषधाची कुपी, म्हणजे छोटी बाटली, स्वस्त पडते, म्हणून लोक कुपीकडे वळतात. मग घरात आजीच्या इन्सुलिनची सिरिंज पडलेली असते, तीच वापरतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात : लाल टोपणाची यू-40 आणि केशरी टोपणाची यू-100. दोन्हींवर "10" ही रेघ असते, पण यू-100 वर तिचा अर्थ 0.1 मिलिलीटर आणि यू-40 वर 0.25 मिलिलीटर. समजा एखाद्या कुपीत 0.1 मिलिलीटरमध्ये 0.25 मिलिग्रॅम औषध आहे. यू-100 वर 10 पर्यंत ओढलं तर डोस बरोबर. यू-40 वर तेवढंच ओढलं तर अडीचपट औषध अंगात जातं, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या थांबत नाहीत. तुम्ही दोन्ही सिरिंज काउंटरवर शेजारी शेजारी ठेवता, दोन्हीत 10 पर्यंत साधं पाणी ओढता आणि डोळ्यांसमोर धरता. एवढं पाहिल्यावर कुणाला पुन्हा समजवावं लागत नाही. टिर्झेपॅटाइड या वजनाच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या कुपीतही हाच घोळ होतो. तिथे एका कुपीत एकच डोस, 0.5 मिलिलीटर असतो, मग ताकद 2.5 मिलिग्रॅम असो की 5. यू-100 वर तो 50 च्या रेघेवर येतो, यू-40 वर 20 च्या. कंपनीने डब्यात सिरिंज दिली असेल तर तीच वापरायची, हा तुमचा नियम आम्हीही आता सगळ्यांना सांगतो.

एक पेन नवरा-बायकोत वाटून घेण्याची युक्तीही पैसे वाचवायला निघते. सुई बदलली तरी रक्ताचा अंश मागे पेनात जाऊ शकतो, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका राहतो. असं कुणी बोललं की तुम्ही आवाज चढवता. चढवायलाच हवा.

सोलापूरचा उन्हाळा हा या औषधाचा मोठा शत्रू आहे. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. उघडल्यावर ठरावीक दिवस बाहेर चालतं, पण 30 अंशांखाली. मार्चपासून जूनपर्यंत आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी 30 अंश असतात कुठे? म्हणून उन्हाळ्यात उघडलेलं पेनही फ्रीजमध्येच. त्यातही एक दरवाजाच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या लगेच खालच्या ट्रेत नाही, कारण तिथे ते गोठतं. एकदा गोठलेलं औषध वितळून दिसायला जसंच्या तसं दिसतं, पण ते फेकायचंच. दारातही नाही, दार उघडझाप झाली की तापतं. मधला कप्पा, प्लॅस्टिकच्या डब्यात. लाईट गेली तर फ्रीज उघडायचा नाही, बंद राहिला तर चार-एक तास थंडावा टिकतो. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून सुटून दुपारी येणाऱ्यांना तुम्ही जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून देता, पेन त्याला चिकटू नये म्हणून. आणि "आधी घरी जावा, मग बाजार करा," असं बजावता. विजापूर वेसच्या गर्दीत तासभर पिशवीत फिरलेल्या पेनवर किती हजार वाया जातात, ते तुम्हालाच माहीत.

मोबाइलवर अर्ध्या किमतीत येणारी पेनं, बिल नाही, बॅच नंबर नाही. ती दाखवायला लोक तुमच्याकडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता, हे तुम्ही त्यांना सांगता. "आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचंही तसंच. असल्या गोळ्यांत सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध सापडल्याचे इशारे परदेशात वारंवार निघाले आहेत, आणि हृदयाला धोका म्हणून त्या औषधावर भारतात 2011 मध्ये बंदी आली.

ज्यांना इंजेक्शन कुठल्याच हिशोबात बसत नाही, त्यांना रिकाम्या हाताने पाठवत नाही तुम्ही. ऑर्लिस्टॅटबद्दल डॉक्टरांना विचारा म्हणता : 120 मिलिग्रॅमची कॅप्सूल, तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर, दिवसातून तीन वेळा. जेवण चुकलं तर ती वेळ गाळायची. जेवणातली साधारण तीस टक्के चरबी ती पचू देत नाही आणि ती तशीच बाहेर पडते. म्हणून भाकरीबरोबर तेल ओतलेली शेंगाचटणी खाल्ली की संडासला धावपळ होते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही त्याबरोबर जातात, त्यांची गोळी झोपताना घ्यायची. वजन यात थोडं उतरतं, पण खर्च आवाक्यात राहतो. शुगर असलेल्यांचं मेटफॉर्मिन जनऔषधी केंद्रात किती स्वस्त मिळतं, तेही स्वतःच्या दुकानाचं नुकसान सोसून तुम्हीच सांगता.

सेमाग्लुटाइडची गोळी घेणाऱ्यांना तुम्ही चहाबद्दल बजावलंत, त्याचे विशेष आभार. सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून कमी साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास चहा नाही, दुसरी गोळी नाही. चहाबरोबर घेतली तर पोटात औषध नीट शोषलं जात नाही. महागडी गोळी फुकट जाते आणि लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या दारावर चिकटवलेल्या कागदाची, जाड स्केचपेनने लिहिलेल्या : "पोटात जोरात दुखून पाठीत कळ गेली, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका, लगेच दवाखान्यात." रात्री शटर बंद असतानाही तो वाचता येतो. आम्ही त्याचा फोटो काढून आमच्या भिंतीवर लावला आहे. तुमची परवानगी मागायची राहिली, तेवढी या पत्राने मागतो.

आपले ऋणी,
सोलापुरातले आहार आणि आरोग्य सल्ल्याचं काम करणारे आम्ही सगळे