बर्फातल्या मुक्कामाविषयी बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, हिमस्खलनात माणसे गाडली गेल्याच्या बातम्या येत असताना तुम्ही मित्रमैत्रिणी बर्फाच्या डोंगरात मुक्कामाला का जाता. त्या वेळी उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या टेनेसी खिंडीतून स्कीवर, म्हणजे बर्फावरून जायला पायांना बांधायच्या लांब फळ्यांवर, निघालो. ही खिंडच १०,४२४ फुटांवर आहे आणि आम्ही राहिलो ती व्हान्सेस केबिन जवळजवळ ११,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आदली रात्र आम्ही लेडव्हिल गावात काढली होती. वाट साधारण पाच किलोमीटरची, बहुतेक जंगलातून जाणारी. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यामुळे चढावर स्की मागे घसरत नाही.

बाबांना वाटणारी भीती खोटी नाही, आणि मी ती कमी लेखणार नाही. इथले हिवाळे कोरडे आणि कडक थंडीचे असतात. सुरुवातीला पडलेला बर्फाचा पातळ थर जमिनीच्या उबेने आणि वरच्या थंडीने आतून बदलत जातो आणि त्याचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. पुढे त्यावर जड बर्फ साठला की तळातला हा दुबळा थर केव्हाही दगा देऊ शकतो. मात्र अशी घसरण मुख्यत्वे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होते. म्हणून आम्ही नकाशावर प्रत्येक उताराचा कोन पाहिला, राज्याच्या हिमस्खलन केंद्राचा त्या दिवसाचा इशारा वाचला आणि तीव्र उताराच्या वर, खाली किंवा मधून जावे लागणार नाही अशीच वाट निवडली. प्रत्येकाच्या अंगावर गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळावा म्हणून रेडिओ-संकेत देणारे-घेणारे यंत्र होते आणि पाठीवर फावडे व बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब सळई होती, कारण बर्फाखाली गेलेल्या माणसाला वाचवायला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात आणि तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. जवळचे सोबतीच काय ते धावून येतात. आमचा एक नियम आहे: एकानेही ‘नको’ म्हटले तर सगळे मागे फिरतात, आणि त्याला कारण विचारून कोणी अवघडवत नाही. काळ नदीला पूर आला की पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचे, हे बाबांनीच मला शिकवले आहे. इथेही मी तेच करते.

आता आईसाठी. केबिनमध्ये नळ नाही. लाकडाच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात बर्फ वितळवून, ते पाणी उकळून प्यायचे. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे तूरडाळ शिजता शिजत नाही, फार वेळ लागतो. हे ठाऊक असल्यामुळे डाळ घरीच कुकरमध्ये शिजवून, गोठवून नेली होती. गरम भातावर तूप आणि तुम्ही पाठवलेले मेतकूट घातले, तेव्हा इथल्या मित्रांनीही ते पुन्हा मागून घेतले. गाद्या, भांडी, सरपण तिथे असते. पांघरायची पिशवी तेवढी आपली न्यायची. थंडीने कुणाला त्रास झाला नाही.

बाबा, वाट सुरू होते तिथे खिंडीत एक स्मारकशिळा आहे. तिच्यावर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या, अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हे सैनिक इथून जवळच, १९४२ साली उभारलेल्या कॅम्प हेलमध्ये, बर्फात लढायला शिकले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या रिव्हा कड्यावर रात्रीतून चढून गेले. त्यांच्यापैकीच फ्रिट्झ बेनेडिक्ट या वास्तुविशारदाने १९८० मध्ये आमच्या केबिनसारख्या डोंगरातल्या केबिनांची संस्था सुरू केली. ती नावे वाचताना मला आपल्या माणगावचे यशवंत घाडगे आठवले. तेही त्याच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, हे तुम्ही मला लहानपणी सांगितले होते. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि सोबत्यांना त्यांची हकीकत सांगितली. त्यांच्यापैकी कुणालाही ती ठाऊक नव्हती.

आम्ही का जातो, याचे खरे उत्तर त्या संध्याकाळींत आहे. फोन लागत नाही, कुणाला कुठे जायची घाई नसते. एक जण लाकडे फोडतो, एक बर्फ भरून आणतो, एक भाजी चिरतो, आणि शहरात वर्षभर शेजारी राहूनही जे बोलणे होत नाही ते तिथे होते. परदेशात इतकी वर्षे काढल्यावर मला अशी माणसे मिळाली आहेत, आणि ती मला फार मोलाची वाटतात.

मार्चमध्ये पुन्हा जायचा विचार आहे. निघण्यापूर्वी वाट, सोबतची माणसे आणि परतीची वेळ तुम्हाला लिहून कळवीन. आमच्याजवळ उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र असते; या खेपेस त्यात बाबांचा नंबर घालते. आम्ही संध्याकाळी पोहोचतो तेव्हा तुमच्याकडे सकाळ झालेली असते, त्यामुळे चहाच्या वेळी पोहोचल्याचा निरोप मिळेल. आईने रात्री जागत बसू नये. बाबांनी गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळवावे.

तुमची लेक