यास्नाया पोल्यानाहून आल्यावर

मॉस्को, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई "जेवलीस का" विचारते, मागून बाबा "लेनिन बघितलास का" ओरडतात आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. जेवते आहे. बिटाचं आंबटगोड सार आणि राईचा काळा पाव. आपली कार्डं इथे चालत नाहीत, त्यामुळे रूबल मोजूनमापून काढते. लेनिनच्या जतन करून ठेवलेल्या देहासमोरची रांग मात्र टाळली. रागावू नका.

बाबा, ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं तुम्ही माझ्या वह्यांना घालायचात. त्यांवर धरणं, ट्रॅक्टर, अंतराळवीर असायचे. देऊळ एकही नाही. इथे नदीकाठी येऊन बघते तो समोर तारणहार ख्रिस्ताच्या कॅथीड्रलचे सोनेरी घुमट. नेपोलियनला पिटाळल्याबद्दल देवाचे आभार म्हणून ते बांधलं होतं. 1931 मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्या जागी सोव्हिएतांचा महाल होणार होता, माथ्यावर लेनिनचा प्रचंड पुतळा. युद्ध आलं, महाल झालाच नाही, आणि 1960 मध्ये तिथे चक्क पोहण्याचा तलाव केला. गरम पाण्याचा, हिवाळ्यातही उघडा. पुढे तलाव बुजवून चर्च होतं तसं पुन्हा उभं केलं. आतून फार नवंकोरं वाटतं, मला काही भावलं नाही.

आई, तुला आवडेल ते वेगळंच. आंद्रेई रुब्ल्योव्ह नावाच्या साधूने पंधराव्या शतकात काढलेलं ‘त्रिनिटी’ हे चित्र. अब्राहमच्या दारी पाहुणे होऊन आलेले तीन देवदूत एका मेजाभोवती बसलेत. मला थेट अनसूयेच्या आश्रमात आलेले तिघे आठवले. (मधल्या वाडग्यात वासराचं डोकं आहे, तेवढं सोडून दे.) क्रांतीनंतर ते मठातून काढून त्रेत्याकोव्ह गॅलरीत नेलं, 2023 मध्ये सरकारने परत चर्चला दिलं. चित्रांची निगा राखणारे नको नको म्हणत होते, लाकूड सहाशे वर्षांचं आहे. मला त्यांचंच पटतं. पण गॅलरीला लागूनच तोल्माचीचं छोटं चर्च आहे. तिथे व्लादिमीरची देवमाता, म्हणजे मेरी आणि बाळ येशूचं जुनं पूजेतलं चित्र, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत हवा मोजून-मापून. पेटीसमोर बायका डोक्याला रुमाल बांधून उभ्या होत्या. मीही ओढणी घेतली. आपल्या कपाटासारखंच वाटलं, वरच्या फळीवर आईचे देव आणि खाली बाबांचे रशियन लेखक.

त्याच कपाटातल्या चिठ्ठीबद्दल लिहायचं आहे, बाबा. "माझ्यामागे कसलेही विधी नकोत" ही.

काल यास्नाया पोल्यानाला गेले होते, ‘तुला’ नावाच्या शहराजवळ, टॉल्स्टॉयच्या घरी. घरापासून बरंच चालत गेल्यावर झाडीत घळीच्या कडेला थडगं आहे. थडगं तरी कसं म्हणू, गवताचा लांबट ढिगारा आहे. क्रूस नाही, नावसुद्धा नाही. लहानपणी टॉल्स्टॉयला थोरल्या भावाने सांगितलं होतं, इथे एक हिरवी काठी पुरली आहे, सगळ्या माणसांना सुखी करण्याचं गुपित तिच्यावर लिहिलंय. म्हणून म्हाताऱ्याने तीच जागा मागितली. चर्चने त्याला 1901 मध्येच बाहेर काढलं होतं, आणि 1910 मध्ये पाद्र्याशिवाय त्याला मातीत ठेवलं. तुमच्या मनासारखं.

पण जमलेले लोक तरीही ‘शाश्वत स्मृती’ हे चर्चमधलंच गाणं म्हणत होते. आणि सोफिया, त्याची बायको? तो रात्रीच घर सोडून गेला, आजारात भोवतालच्यांनी तिला जवळ येऊ दिलं नाही, शुद्ध हरपल्यावर आत सोडलं. दोन वर्षांनी, 1912 मध्ये, तिने एका पाद्र्याला बोलावून त्या थडग्यावर गुपचूप प्रार्थना म्हणवून घेतली.

मी तिथे बराच वेळ उभी होते. बाबा, तुमची चिठ्ठी फाडा असं म्हणत नाही. तुमच्या जिवाचा निर्णय तुमचा. फक्त खाली एक ओळ वाढवा: "हिला जे करावंसं वाटेल ते तिने करावं, उघडपणे." आई, ही ओळ त्यांनी लिहिली तर तूही त्यांना टोमणे मारणं थांबव.

तुलाचा मसाल्याचा गोड पाव आणते आहे, आत जॅम असतो. बाबांना अर्धाच द्यायचा, साखर तपासून.

तुमची,
धाकटी